यसूकाकूंनी उचललेली केरा

यसूकाकू गेल्याचं सांगत आळीतली भागा दारात आली, तेव्हा माझा हात आधी केराच्या कपाळावर गेला. ताप नव्हता. मग मला काकूंसाठी रडू आलं... त्याला आता महिना होऊन गेला.

केराच्या आधीची माझी दोन मुलं बारशाच्या आत गेली. तिच्या वेळी लढाई चालू होती, मालक पलटणीबरोबर लांब होते. शेजारच्या यसूकाकूंनीच बाळंतपण केलं. आमच्याकडे मुलं जगत नसली की नवं मूल उकिरड्यावर टाकतात आणि दुसऱ्या बाईनं ते उचलायचं. केरातलं म्हणून त्याच्यावर कुणाची नजर पडत नाही. काकूंचा उकिरडा म्हणजे परसातला खड्डा. साली, देठं, पालापाचोळा, राख असे थर घालून त्या वर माती पसरायच्या, भांड्यांचं पाणी शिंपायच्या, मधूनमधून खोऱ्यानं खालवर करायच्या. थंडीत सकाळी त्यातून वाफ निघायची. पौषात त्यांनी त्यावर घोंगडं टाकलं, वर सूप, आणि सुपात बाळ. मी म्हणायचं होतं, "नको झालीया, टाकली." मी सुपाची कडच सोडेना.

"आगं बोल की! तिला खालनं शेक लागतोय, मी हितं काकडून मरतीया."

कसंबसं म्हटलं. काकूंनी तिला उचललं. परत घेताना किंमत म्हणून मूठभर कोंडा द्यायचा असतो. "कोंडा मला कशाला? रोजचा केर आणून टाक. माझी वांगी खातील," त्या म्हणाल्या. नावही केरा ठेवलं. मग मी रोज पाटी नेऊ लागले. एकदा राखेतून निखारा गेला आणि खड्डा धुमसायला लागला. काकू ओरडल्या, "पोरीची किंमत देतीस का माझं घर पेटवतीस?"

पुढं भागानं पाणवठ्यावर सांगितलं, उचलणारी गेली की उचललेलं मूल सोबत नेते. त्या दिवसापासून काकू खोकल्या की मी केराकडे बघायची. काकूंनी अंथरूण धरलं, तेव्हा मी पायाशी बसून होते.

"काकू, आवं..." एवढंच म्हणाले.

"कळतंय मला. त्या भागीनं डोक्यात भरवलंया. आगं, मला न्यायला चार खांदे गोळा करताना मारामार हुईल, तिला कुठं वर घिऊ?" मग केराला जवळ बोलावून तिचा हात माझ्या हातात दिला. "घे. तुझी तुला दिली."

त्या गेल्या. मधे केराला गोवर आला, उतरलाही.

काल अंगणात चारचौघींसमोर तिला न्हाऊ घातलं, काजळ घातलं. भागा बघत होती. "पोरगी देखणी झालीया गं."

"व्हय," मी म्हटलं. आजवर असं कुणाला म्हणू दिलं नव्हतं. घरात आल्यावर ध्यानात आलं, गालाला तीट लावायची राहिली होती... राहू दिली.