टेस्टरमधला नारिंगी ठिपका

टेस्टरच्या पोटातल्या दिव्यात जरासा निऑन वायू असतो. वीज पोचली की त्याच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि नारिंगी ठिपका उजळतो. आज वायरमनने आमच्याच टेस्टरने फ्रिज तपासला, तेव्हा तो ठिपका उजळला आणि माझा चेहरा उतरला. सकाळी त्याच टेस्टरने तपासून मी बायकोला सांगितलं होतं, "करंट नाही. बिनधास्त उघड."

"आधी तुम्ही उघडा," ती म्हणाली.

मी उघडला, कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या, आणि मी टेस्टर बिघडलाय असं जाहीर केलं.

"साहेब, टेस्टरच्या मागच्या धातूच्या टोपीवर बोट ठेवलं होतं ना?" वायरमनने विचारलं.

नव्हतं. शॉकच्या भीतीने नुसती प्लास्टिकची मूठ धरली होती. आपल्या अंगातून थोडी वीज जाऊ दिल्याशिवाय तो वायू उजळत नाही, हे मला ठाऊक होतं. आता न पेटलेल्या ठिपक्याचा मला संशय येतो. अंग राखून केलेल्या माझ्या बाकीच्या चौकशांचाही येतो.

वायरमनने अर्थिंग दुरुस्त केलं. मी पुन्हा टेस्टर लावला. ठिपका उजळला नाही.

"करंट नाही," मी म्हणालो.

बायको फ्रिजकडे बघतच नव्हती. ती माझं बोट बघत होती.