आवाज पोचेल इतकी जागा

आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा सरकारी कचेरीत कारकून, पण जीव सगळा पत्रकांत. चौदा एप्रिलची जयंती जवळ आली की महूच्या आमच्या दोन खोल्यांत शाईचा वास भरायचा आणि आम्ही फरशीवर बसून कागदांच्या घड्या घालायचो. अक्षरं जुळवायला मी त्या घड्यांवरच शिकले. त्यामुळेच की काय, हळू आवाजात वाद घालणं मला अजून जमत नाही.

ही गोष्ट मात्र हळू आवाजाचीच आहे, आणि तो आवाज माझ्या आईचा.

वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी धम्माचा ग्रंथ वाचला जायचा. कोपऱ्यावरच्या एका घराची पडवी मोठी होती, तिथे सतरंजी पडायची. वाचायला बहुतेक वेळा आईच. ती पोस्टात काउंटरवर होती. दिवसभर लोकांना फॉर्म समजावून घरी यायची, चहा प्यायची, पांढरी साडी नेसायची आणि ग्रंथ छातीशी धरून निघायची. माईक नसायचा, त्याची गरजही कुणाला वाटायची नाही. ती वाचू लागली की समोरच्या नळावर पाणी भरणाऱ्या बाईची बादली भरून वाहायची आणि तिचं लक्ष नसायचं. मी आईच्या पाठीला गाल टेकून बसायचे. अर्थ फारसा कळत नसे, पण प्रत्येक वाक्य माझ्या गालाला लागायचं.

मी बारावीत असताना आईच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, आम्ही पेढे वाटले. आवाज तेवढा परत आला नाही. जो उरला तो घोगरा, अर्धा वाऱ्याचा, चार हातांवर विरून जाणारा. पोस्टात तिला काउंटरवरून आतल्या टेबलावर बसवलं. त्याच वर्षी आम्ही महू सोडून जवळच्याच राऊ गावातल्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. गल्लीतल्या बायकांनी कुणाचं तरी मोबाईलवरचं वाचन स्पीकरला जोडून घेतलं. आई एकदा जाऊन आली. "छान चाललंय त्यांचं," म्हणाली. पुन्हा गेली नाही. ग्रंथ कपाटात गेला, इस्त्रीच्या साड्यांच्या वर.

फोनवर ती "हॅलो" म्हणायची आणि पलीकडचा माणूस "कोण? जोर से बोलिए" म्हणायचा, तेव्हा ती फोन माझ्याकडे द्यायची. मला तो फोन फेकून द्यावासा वाटायचा.

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षी थीसिससाठी सांस्कृतिक परंपरेवर आधारित रचना करायची होती. कुणी हवेली घेतली, कुणी घाट, कुणी माळव्यातला मांडणा, म्हणजे तिकडची अंगणातली रांगोळी. मी ठरवलं, वाचनाचं घर करायचं. माईक नसलेलं, आणि आईचा आत्ताचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असं. आईला काही सांगितलं नाही. मनात एवढंच होतं की अशी जागा मी काढून दाखवली तर ती पुन्हा वाचायला बसेल.

आमचे गाईड सर शहरातल्या बडा गणपती भागातल्या जुन्या मराठी घरातले, बोलायला मोकळे.

"म्हणजे लायब्ररी का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं."

"ते ठीक आहे गं, पण यात कल्चर कहाँ है? काही लाकडी खांब, तोरण, कमान, कुछ तो पकड. तुमच्याकडचंच घ्यायचं तर मस्त डोम दे ना. स्तूप-टाइप. ज्यूरीला एकदम क्लिक होतं."

माझं डोकं फिरलं. तुमच्याकडचं म्हणजे काय? आमच्या आया कोपऱ्यावरच्या पडवीत बसून वर्षानुवर्षं जे करत आल्या त्याला आकार नाही म्हणून ती परंपरा नाही, आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा घुमट वरून ठेवला की ती परंपरा झाली? नुकताच आमचा सगळा वर्ग टेप घेऊन सराफा बाजार मोजून आला होता. दिवसा सोनाराचं दुकान, ते बंद झालं की त्याच्याच दारात खाण्याची गाडी. जागा तीच आणि वापर दुसरा, यावर सर भारावून बोलले होते.

"सर," मी म्हटलं, "दुकानासमोर कढई चढली की ती संस्कृती. आणि आमच्या पडवीत सतरंजी पडली की नाही?"

मागून एक जण म्हणाला, "लो भिया, पत्रक निघालं." सगळे हसले. सरही हसले.

"पत्रक चांगलं आहे," ते म्हणाले. "आता प्लॅन दाखव."

टोमणा रास्त होता. मी प्लॅन काढला आणि त्यात पायऱ्या काढल्या. अर्धगोलात उतरत जाणाऱ्या, तळाशी वाचणारीची जागा. चार माणसं एकत्र बसवा म्हटलं की आर्किटेक्चरच्या पोरांच्या हातून पायऱ्याच निघतात. छत खाली आणलं, वाचणारीच्या मागची भिंत वळवली, म्हणजे आवाज पुढे ढकलला जाईल. हिशेब जुळत होता. मग पांढऱ्या पुठ्ठ्याचं मॉडेल केलं, कागदाच्या बायका कापल्या आणि पायऱ्यांवर ओळीनं चिकटवल्या.

मॉडेल जेवणाच्या टेबलावर होतं. रविवारी सकाळी आई भाजीची पिशवी खाली ठेवून त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"काय करून राहिली हे?"

"थीसिस."

"ही खाली बसलेली कोण?"

"वाचणारी."

आई खुर्ची ओढून बसली, वाकून आत बघितलं. मग तिनं बोट घातलं आणि शेवटच्या ओळीतल्या एका बाईला पुढे ढकललं. बाई हलली नाही. आईनं जोर लावला. बाई पायरीचा तुकडा घेऊनच उखडली.

"अगं आई! मॉडेल आहे ते!"

"हिला इतक्या लांबून माझं काय ऐकू जाणार?"

माझं, असं ती म्हणाली. मी फेविकॉल शोधत होते, तशीच थांबले. आईला आपण काय बोललो हे कळलंसं वाटलं नाही. ती कागदाची बाई तिनं चिमटीत धरली होती.

"ह्या अशा खिळे ठोकल्यासारख्या का बसवल्या? आपल्या बाया सरकत नाहीत का?"

सरकायच्या. ते तिनं म्हटलं तेव्हा मला दिसलं. आईला पोस्टातून यायला उशीर होई तेव्हा एक म्हाताऱ्या मावशी वाचायच्या, दातांतून हवा जायची. त्यांना "मोठ्यानं वाचा" असं कुणी म्हणत नसे. मागच्या बायका बसल्या बसल्या पुढे यायच्या, पुढच्या आणखी आत, पोरांना उचलून मांडीवर घ्यायच्या. सतरंजीची मागची बाजू रिकामी पडायची. मावशींचं डोकं पुस्तकात, त्यांना बहुधा कळतही नसेल. मला हे आठवलं नव्हतं, कारण मी नसलेल्या आवाजाच्या मागे होते. माझ्या डोक्यात सगळी पडवी भरून टाकणारी आईच तेवढी वाचत होती, आणि तिच्यासमोर कुणाला जागचं हलावं लागत नसे.

"मग तुझ्यासाठी का नाही सरकल्या?" मी विचारलं. जरा रागानंच. "स्पीकर का लावला?"

"मी बसलेच कुठे?" आई म्हणाली. "कुणाजवळ सरकणार?"

तिनं ती बाई टेबलावर ठेवली आणि भाजी निवडायला घेतली.

मी पायऱ्या काढून टाकल्या. सपाट फरशी ठेवली, वळलेली भिंत ठेवली, छत आणखी खाली आणलं. बसायच्या जागा काढल्याच नाहीत. बाबांनी नवा प्लॅन उलटसुलट करून बघितला.

"पाच वर्षं शिकून शेवटी सतरंजीच टाकली?"

"हो."

"बरं केलंस," ते म्हणाले. "पण पत्रकात हे नीट लिही. चित्रावरून कळत नाही."

ज्यूरीला, म्हणजे शेवटच्या परीक्षेला, बाहेरून आलेल्या मॅडमनी हाच प्रश्न विचारला. सीटिंग कुठे आहे? मी सांगितलं, सीटिंग हलतं. एकाच फरशीचे दोन नकाशे लावले होते. आवाज मोठा असताना माणसं कुठे बसतील आणि लहान असताना कुठे. आमचे सर मध्ये पडले, "तिला बोलू द्या, ती ऐकणार नाही तसंही." मी बोलले. मॅडमनी मान हलवली आणि 'रचना अपुरी' असा शेरा मारला. मी पास झाले, मार्क बेताचे.

वर्गातले मला चिडवायला आले होते, मी भांडेन म्हणून. भांडले नाही. शेरा खोटा असता तर भांडले असते. ते घर कागदावर होतं आणि कागदावरच राहणार होतं. त्यात कुणी बसणार नव्हतं, माझी आईही नाही.

आषाढ पौर्णिमा आली. मी आईला म्हटलं, चल, महूला जाऊ, मावशींना भेटू.

"तू जाऊन ये."

"एकदा बस तर खरी. कुणी काही म्हणणार नाही."

"तेच तर," आई म्हणाली. "कुणी काही म्हणणार नाही. सगळ्या अशा बघतील, आजाऱ्याकडे बघतात तशा. मला नको ते."

मी एकटीच जायला निघाले. दाराशी चपला घालत होते तेव्हा बाल्कनीतून काहीतरी ऐकू आलं. कुणी तांदूळ पाखडावे तसं, मध्ये थांबत, पुन्हा सुरू होत.

आई खुर्चीत बसली होती, पाठ माझ्याकडे. समोर राऊचे रिकामे प्लॉट, अर्धवट इमारती. मांडीवर ग्रंथ उघडा. हॉलमधून एक शब्द कळत नव्हता. मी गेले तर ती थांबेल असं वाटलं, आणि नाही गेले तर काही ऐकू येणार नाही. मी चपला काढल्या आणि जाऊन तिच्या गुडघ्याशी बसले.

ती थांबली. "बस चुकेल तुझी."

"चुकू दे."

"बाबांना सांगू नकोस. लगेच पत्रक काढतील." मग पुस्तकातच बघत, "खरं सांग. कसं लागतंय?"

मी खोटं बोलू शकले असते. "पूर्वीसारखं नाही," म्हटलं.

"ते मला माहीत आहे, शहाणे. शब्द कळतात का?"

"इथून कळतात."

कळत होते. पण मी शब्दांच्या मागे तो जुना आवाज शोधत होते, नळावरची बादली विसरायला लावणारा, गालाला लागणारा. तो नव्हता. मला तो तेव्हाही हवा होता, आजही हवा आहे, आणि हे मी तिला सांगितलं नाही. आईनं साडीच्या पदरानं चष्मा पुसला, ओळीवर बोट ठेवलं, श्वास घेतला आणि पुढचं वाक्य वाचू लागली.