ऑक्सिजनची कळ मी वाढवली होती

“सीओपीडीचं अ‍ॅक्यूट एक्झासर्बेशन,” इमर्जन्सीतल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे जुनं दुखणं एकाएकी उसळलेलं. ह्यांच्या श्वासनळ्या आठ वर्षांपासून अरुंद झालेल्या; आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. मग बाईंनी मला विचारलं, “अम्मा, घर में आक्सिजन कित्ते पे रखे थे?”



चिक्कडपल्लीला आमच्या घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. कळ एक लिटरवर ठेवायची, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तीन दिवस खोकला होता, कफ हिरवा झाला होता. तेव्हाच दाखवायला हवं होतं. त्या दिवशी सकाळी हे पलंगाच्या कडेला वाकून बसले, दोन शब्दांत धाप लागू लागली. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ब्याऐंशी. मी कळ पाचवर नेली. आकडा सत्त्याण्णव झाला, दुपारी हे झोपले. आराम पडला असं वाटून मी भात टाकला. आमची सुजाता ऑफिसातून लवकर आली, त्यांना जेवायला उठवायला गेली.

“आई, बाबा ओ देत नाहीयेत.”

म्हणून अँब्युलन्स, म्हणून इथं.

“पाच पे,” मी सांगितलं. “मैंच बढाई.”

बाई रागावल्या नाहीत. मनगटातून रक्त घेतलं. ही एबीजी तपासणी. रक्तात ऑक्सिजन किती, कार्बन डायऑक्साइड किती, ते कळतं. कार्बन डायऑक्साइड फार वाढला होता. “इनको अठ्ठासी से बानवे बस है. जास्ती आक्सिजन दिये तो गंदी हवा अंदरिच जमा होती. वो नींद नहीं थी, अम्मा.”

नेब्युलायझर, स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि बायपॅप. बायपॅप म्हणजे नाकातोंडावर घट्ट मास्क बसवून मशीन हवा दाबानं आत ढकलतं. तासाभरानं पुन्हा रक्त तपासणार, सुधारणा नसेल तर घशात नळी घालणार.

तो तास मला बसवेना. दारापर्यंत जायचे, परत यायचे. सुजातानं पाणी दिलं. तिला मी कळेचं काहीच सांगितलं नाही.

दुसरा रिपोर्ट थोडा बरा आला. संध्याकाळी ह्यांनी डोळे उघडले आणि मास्क ओढू लागले. नर्सनं हात धरला. मी भिंतीला टेकून रडले.

सहाव्या दिवशी घरी आलो. ज्यांच्या घरी असं मशीन आहे त्यांना सांगते: कळ मनानं फिरवू नका, डॉक्टरांना फोन करा. धाप वाढली किंवा माणूस अवेळी पेंगू लागला, तर थांबू नका, दवाखाना गाठा. त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही. दोष न देता त्यांनी मला समजावलं.

घरी मी ह्यांना सगळं सांगितलं.

“मीच खूण केली होती, वाढव म्हणून,” हे श्वास जुळवत म्हणाले. “तुला आठवत नाही?”

अशी खूण त्यांनी केली नव्हती. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.