सेमाडोहला आम्ही दोघं गेलो होतो

अमरावतीच्या एका कॉलेजात मी आणि माझा मित्र एकाच वर्षी लेक्चरर म्हणून लागलो. विषय राज्यशास्त्र. तो अंजनगाव सुर्जीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, मी अकोल्यातल्या वकिलाचा. साठ साल नुकतंच उलटलं होतं. पर्यावरण हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. आम्ही मेळघाटातल्या जंगलाचा कारभार अभ्यासायला घेतला, तेव्हा स्टाफरूममध्ये आमचं हसं झालं. "राज्यशास्त्रात झाडं कुठून आली?" असं प्राचार्यांनीही विचारलं.

कितीतरी दिवस आम्ही कायदे आणि जुने सरकारी अहवालच वाचत बसलो. एकदा वैतागून त्याने समोरचा अहवाल मिटला.

"अबे, जंगलावर हक्क कोनाचा, हे आपन साऱ्यायले इचारून राहिलो. तिथं राहते त्यायलेच नाही इचारलं."

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मेळघाटातल्या सेमाडोहला गेलो. जवळच्या कोरकू आदिवासींच्या वस्तीतली माणसं आम्हाला सरकारी समजून घरात शिरली. हा निवांत एका ओट्यावर टेकला, प्यायला पाणी मागितलं, पिकाची चौकशी केली. हळूहळू माणसं बोलती झाली. गुरं चारायची कुठली जागा बंद झाली, सरपणाला कुणाची परवानगी लागते, सगळं सांगितलं. परवानगी नाकारली तर दाद कुणाकडे मागता, असं त्याने विचारलं. त्यावर एकेक जण उठून कामाला लागला.

परतल्यावर त्याला हुडहुडी भरली. हिवताप मेंदूत गेलाय, डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात थोडा शुद्धीवर असताना त्याने माझा हात धरला. "पुना जा लागते. बाया बोलल्याच नाही आपल्यासंग." दोनेक दिवसांत तो गेला.

मी पुन्हा गेलो, अनेकदा गेलो. बायाही बोलल्या. प्रबंध झाला, पदवी मिळाली, पुढची सगळी नोकरी याच विषयात गेली. वस्तीचं कुरण मात्र बंदच राहिलं.

पदवी मिळाली त्याच वर्षी प्रबंध घेऊन मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांनी पानं उलटून पाहिली. सगळं इंग्रजीत.

"याच्यात आमच्या पोराचं काय हाय?"

सेमाडोहचं प्रकरण काढून मी मराठीत सांगत गेलो. ते खाली बघत ऐकत होते.

"हे त्यानं केलं?"

"हो."

"मंग सरकारनं आयकलं का?"

"नाही," मी म्हणालो. त्यांनी प्रबंध मिटून माझ्याकडे दिला.

त्याची आई इतका वेळ दारातच उभी होती. "बाबू," ती म्हणाली, "तिथं जंगलात त्याले लय थंडी लागली असन, नाही?"

"नाही, आई. त्या लोकांनी आमच्यासाठी शेकोटी पेटवली होती."

तिने मान हलवली. मग "जेवून जाय" म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत चुलीकडे वळली.