खाली ठेवू नको

पॉपकॉर्नचा वास आला की मला वर्ध्याचं ते थिएटर आठवतं. त्या मारधाडीच्या सिनेमाचा पहिला भाग बाबांनी आणि मी वडनेरच्या घरी टीव्हीवर कितीदा तरी पाहिला होता. दुसरा भाग लागला तेव्हा मी वर्ध्यात कॉलेजला होतो, म्हणून बाबा खास एसटीने आले. पडद्यावर गाड्या उडत होत्या, पूल कोसळत होते आणि बाबा घरच्यासारखंच हिरोला ओरडून सांगत होते, "मांगं पाह्य ना बे!" शेवटी हिरो जखमी मोठ्या भावाला पाठीवर घेऊन आगीतून धावतो आणि दमून त्याला खाली ठेवतो. बाबा उभेच राहिले. "खाली ठेवू नको रे त्याले! जीव आहे अजून!" ते रडत होते. साप चावलेल्या आपल्या मोठ्या भावाला त्यांनी असंच शेतातून पाठीवर आणलं होतं आणि वाटेत दम खायला एकदा खाली ठेवलं, तिथेच तो गेला होता. मागची रांग हसली. दुसऱ्या दिवशी बाबांचं ते रडणं, वर हसण्याचा आवाज लावून, रील बनून वर्गाच्या ग्रुपवर आलं; मागच्या रांगेत बसलेल्या एका वर्गमित्राने ते मोबाइलवर टिपलं होतं. "माझे बाबा आहेत ते," मी कसंबसं म्हणालो. रील बनवणारा म्हणाला, "सॉरी यार. पण लय चालून राह्यली ना!" पुढे वडनेरच्या पानठेल्यावर कोणीतरी ती बाबांनाही दाखवली. आता तिसरा भाग लागला आहे. काल मी फोन केला, तर बाबा म्हणाले, "तूच पाहून येजो. मले चूप बसाले जमत नाई."