खरखर किती?

जुन्या विलायती दोन-आसनी मोटारींची इतकी माहिती असलेला आणि त्यातल्या एकाही मोटारीत कधी न बसलेला माणूस कळमनुरीतच काय, जगातही दुसरा नसेल. तो माणूस म्हणजे माझे मामा. बाजाराच्या रस्त्यावर ते लोकांचे रेडिओ दुरुस्त करीत. घरोघरचे रेडिओ संपले तेव्हा पुण्या-नागपूरच्या शौकिनांनी त्यांना कुठून तरी शोधून काढले आणि त्या जुन्या मोटारींमधले रेडिओ पार्सलने येऊ लागले. सोबत गाडीचे नाव लिहिलेली चिठ्ठी असली तरी मामा ती आधी वाचत नसत. रेडिओ हुंगत, बटणांमधले अंतर बोटांनी मोजत, कडेची भोके न्याहाळत, आणि गाडी ओळखल्यावरच चिठ्ठी उघडत. मामांचे आणि चिठ्ठीचे जमले नाही तर चिठ्ठीच चुकलेली असे. मधल्या कुणा मालकाने भलत्याच गाडीचा रेडिओ बसवलेला असे. मामी म्हणे, "पंचेचाळीस वर्षं झाली लग्नाला. माझं काय दुखून राहिलं ते सांगितल्याबिगर कळत न्हाई, अन् डब्याचं मात्र हुंगून कळतं!"

त्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडतात, आपल्याकडच्या गाड्यांच्या अगदी उलट. मामांच्या हाताला ही उलटी रीत इतकी बसली की शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरीही त्यांनी तशीच जोडून दिली. धूर निघाला. "काहून जोडली अशी?" शेजारी ओरडला. मामा शांतपणे म्हणाले, "तुझा ट्रॅक्टर विलायती न्हाई, हे ध्यानातच आलं न्हाई बघ."

एक गोष्ट मात्र त्यांना छळे. टेबलावर रेडिओ स्वच्छ बोले, पण खरी परीक्षा गाडीत, इंजिन चालू असताना. इंजिनची खरखर आवाजात घुसते. म्हणून परतीच्या प्रत्येक पार्सलात ते चिठ्ठी घालत, 'चढावर गाडी नेऊन ऐका. खरखर किती ते कळवा.' उत्तर येई, 'छान वाजतो.' मग मी शाळामास्तर म्हणून मामा माझ्यावरच चिडत. "छान म्हंजे काय, मास्तर? खरखर किती?" आपण दुरुस्त केलेला रेडिओ एकदा तरी त्याच्या गाडीत बसून ऐकायचा, एवढेच त्यांचे मागणे होते. शेवटी नागपूरचे एक डॉक्टर रेडिओ बसवून गाडीच घेऊन येतो म्हणाले. मामांनी वहीत त्या गाडीचे नाव लिहिले आणि पुढे 'खरखर' लिहून जागा मोकळी ठेवली.

गाडी आली ती मामांच्या तेराव्यानंतर चार दिवसांनी. डॉक्टरांना काहीच ठाऊक नव्हते; कळल्यावर ते दारातूनच परत निघाले. तेव्हा मामी पदर खोचून पुढे झाली आणि त्या बुटक्या हिरव्या गाडीत जाऊन बसली. नांदेड रस्त्याच्या चढापर्यंत जाऊन दोघे परत आले. परभणी केंद्रावर भजन लागले होते. "छान वाजतो," डॉक्टर हळूच म्हणाले.

"छान म्हणू नका, डॉक्टरसाहेब. त्यांना चालायचं न्हाई." मग मामी माझ्याकडे वळली. "वही आण रे लेकरा. चढावर जराशी हाय, असं लिही."

मी मोकळ्या जागेत तेवढेच लिहिले. मामा असते, तर गाडी तिथेच थांबवून त्यांनी तो रेडिओ पुन्हा खोलला असता.