भेगेवरची काच

हंसाबाईला घाणीची शिसारी अशी, की सासरच्या तांड्यात आल्या दिवशी तिनं नवऱ्याचं तोंड पाहण्याआधी पाण्याचा माठ घासला म्हणतात. खोटं असलं तरी तिला शोभून दिसतं. दिग्रसकडे काँक्रीटचं धरण बांधत होते, तेव्हा ओल्या काँक्रीटवर पाणी मारायचं काम तिच्याकडे होतं. उन्हानं तडकू नये म्हणून भिंतीला ती तान्ह्या लेकरासारखं पाणी पाजायची. धरण झालं, आणि तिचा तांडा नेमका भिंतीच्या खालच्या अंगाला राहिला.

सदुसष्ट सालच्या हिवाळ्यात तिकडं कोयनेला भूकंप झाला. इकडं पहाटे भांडी नुसती खुळखुळली. तरी या धरणाची तपासणी निघाली, आणि ओव्हरशियर धर्मपाल यांना भिंत टेकडीला भिडते तिथं एक भेग सापडली.

"जुनी का नवी, साहेब?" हंसाबाईनं विचारलं.

"तेच समजून नाही राह्यलं. भिंत आपल्या वजनानं उभी असते, बाई. जमीन हलली की वरचं डोकं झुलते, मागचं पाणीबी ढकलते, अन् सारा ताण मानेवर येते."

"म्हंजे डोक्यावर घागर असताना ठेच लागल्यावानी!"

"हो, तसंच. भेगेवर ही काच आडवी चिकटवतो. फुटली तर समजा भेग वाढून राह्यली. मंग तांडा हलवा लागन."

झालं! आठवडाभरात काचेवर शेंदूर चढला. भेगामाय प्रकटली म्हणे! तांड्याच्या बोलीत याडी, म्हणजे आई. आणि पुजारी कोण, तर हंसाबाईचाच नवरा शंकरसिंग. दूध, तूप, नारळाचं पाणी. माश्यांची झुंबड आणि आंबट, कुजका वास. भिंत ओली दिसते ती पाझरानं की दुधानं, कोण सांगणार? एक दिवस काचही फुटलेली दिसली.

"कशानं फुटली?" हंसाबाईनं विचारलं.

"याडीनं कौल देल्ला," शंकरसिंग म्हणाला.

"याडीनं का तुह्या नारळानं?"

खाली झोळीत नातू झोपलेला, वर तलाव भरलेला, आणि हा बाप्या तुपाची बोटं धोतराला पुसत उभा!

राख आणि काथ्या घेऊन तिनं सगळी भेग घासून काढली.

"याडी कोपंल, हंसे!" जाऊ रामीबाई ओरडली.

"आंघोळ घातल्यावर कोपते, ते कसली माय व?"

धर्मपालांनी नवी काच लावली. हंसाबाई काठी घेऊन राखणीला बसली. नारळवाला दिसला की म्हणायची, "घरी जा, चटणी कर!"

पावसाळ्यात तलाव भरत आला, आणि एका सकाळी काच मधोमध तडकली. शेंदूर नाही, नारळ नाही. ती तशीच धर्मपालांकडे धावली. दारं उघडून तलावाचं पाणी उतरवलं, तांडा टेकडीवर हलला.

गाडी भरताना शंकरसिंग कुरकुरला, "तू धुतलं म्हणून कोपली याडी."

"कोपली तं कोपली, खरं तं बोलली! तुह्या नारळानं तिचं तोंड बुजवलं होतं."

गाडीत त्यानं हळूच शेंदराचा डबा सरकवला होता. मेलेला उंदीर उचलावा तसा तिनं तो दोन बोटांनी उचलून खाली टाकला, हात राखेनं घासले, आणि त्या जागी नातवाला निजवलं.